मी बारीक आहे, मला काय होतंय?

आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणजे चवळीची शेंग! "लग्नातला ब्लाउज अजून अंगाला होतो माझ्या," असं अभिमानानं सांगायच्या. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं म्हणून रक्त तपासलं, तर साखर वाढलेली. "जाड्या बायकांचं दुखणं माझ्या वाट्याला कसं आलं गं?" असं म्हणत त्या बसूनच राहिल्या.

मैत्रिणींनो, याचं उत्तर पुण्यात सापडतं. तिथल्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचंच उदाहरण दिलं. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच; पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून लठ्ठ. जन्मतः वजन कमी असणं हे याचं एक कारण असू शकतं, असं त्यांनी सुचवलं. शिवाय युडकिन मॅरॅथॉन धावणारे. आणि याज्ञिकांचा व्यायाम काय, तर सकाळी लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत ती गाठणं!

जेवणातून रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं काम आपले स्नायू करतात. स्नायू कमी आणि तेही बसलेले, त्यात पोटात चरबी, मग इन्सुलिनचं काही चालत नाही. साखर वाढते, जोडीला रक्तदाब येतो आणि सगळा भार पडतो हृदयावर.

"पण आम्ही दिवसभर राबतोच की!" खरं आहे. लादी पुसणं, पाण्याच्या बादल्या उचलणं हेही जमेस धरा. मात्र ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहून छातीचा भाता हलत नाही, बरं का!

मग काय करावं?

* आठवड्यात निदान १५० मिनिटं भरभर चाला. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.
* जेवणानंतर लगेच आडवं न होता दहा मिनिटं शतपावली करा.
* आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात टेकून दंड काढा.
* शिवणाच्या डब्यातली टेप काढून कंबर मोजा. बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.
* बारीक असलात तरी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

चालताना छातीत दाब वाटला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथंच थांबा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर व्यायामाची वेळ त्यांनाच विचारून ठरवा.

जाऊबाई आता रोज संध्याकाळी भाऊजींना घेऊन फिरायला जातात. परवा म्हणाल्या, "ब्लाउज होतो याचं कौतुक आहेच गं, पण तीन जिने न थांबता चढते, याचं जास्त!"