अर्ध्या मिलिमीटरचं भोक

सकाळी ७.३० – क्लीव्हलँड, ओहायो. बारा वर्षं जुनी गाडी रात्रभर गॅरेजात उभी होती. 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा पेटलेला. तो दिसला की इथल्या ई-चेक प्रदूषण चाचणीत गाडी नापास.

७.४० – मेकॅनिक स्कॅनर जोडतो. कोड पी०४५६. पेट्रोलची वाफ कुठून तरी निसटतेय. भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. एरवी ही वाफ कोळशाच्या डब्यात साठते, मग इंजिन ती ओढून जाळतं. वाटेत नळ्या, व्हॉल्व्ह, रबरी रिंगा. फुटकं यातलं काहीही असेल. मालकानं पेट्रोल टाकीचं झाकण आधीच बदललंय. वीस डॉलर गेले, दिवा तसाच.

८.०० – डबा आणि इंजिन यांच्यामधल्या पर्ज व्हॉल्व्हवरची डब्याकडची नळी काढून, इंजिन चालू करून तो व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट धरतो. ओढ लागत नाही. म्हणजे व्हॉल्व्ह नीट बंद होतोय.

८.२० – इंजिन बंद. स्कॅनरवरून व्हेंट व्हॉल्व्ह, म्हणजे डब्याची बाहेरच्या हवेकडची वाट, बंद. आता धूर. मशीन खनिज तेल तापवून पांढरा धूर करतं. दाब १ पीएसआयच्याही आत. जास्त दिला तर धड भागही फुटेल. सोबत हवेऐवजी नायट्रोजन, कारण आत पेट्रोलची वाफ आहे.

९.०० – काहीच दिसत नाही. गाडी लिफ्टवर. पंखा बंद, शटर खाली. वाऱ्यानं धूर पांगतो. मागच्या चाकावरचं प्लास्टिक सोडताना गंजलेला बोल्ट तुटतो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ नेमकं इथे साचतं. तो चिखल खरवडतो, टॉर्च तिरका धरतो, थांबतो. पुन्हा खरवडतो.

९.५० – टाकीत पेट्रोल नेणाऱ्या पत्र्याच्या नळीवर, पट्टीच्या खालून, अगरबत्तीसारखी बारीक रेघ.

त्याला पगार कागदावरच्या तासांचा, घड्याळातल्या नाही. तपासणीचा कागद एका तासाचा. गेले दोन तासांहून जास्त. माझ्या मते आजचं सगळ्यात कसबी काम हेच होतं.

१०.०० – मालकाला फोन. नळीचे १३० डॉलर, मजुरी वेगळी.
"नुसती लांबी लावून भागेल?"
"हा हिवाळा कदाचित निघेल. बाजूचा पत्राही गेलाय."
पलीकडे थोडा वेळ शांतता. मग होकार.

११.३० – नळी येते. मधल्या वेळात त्यानं एका गाडीचं ऑइल बदललंय. हत्यारांची पेटी त्याची स्वतःची, हप्त्यांवर घेतलेली.

दुपारी १.१५ – पुन्हा धूर. मशीनवरची प्रवाह दाखवणारी गोळी तळाशी बसते. गळती नाही. कोड पुसला. गाडी स्वतःची तपासणी आज करणार नाही. त्यासाठी इंजिन थंड हवं, टाकी ना रिकामी ना काठोकाठ. "अर्धीच ठेवा," तो मालकाला सांगतो. "आणि भरताना पंप आपोआप थांबला की वर आणखी भरू नका. पेट्रोल कोळशाच्या डब्यात जातं."

१.३० – कागदावर तपासणी १, दुरुस्ती १.५. तुटलेल्या बोल्टला रकाना नाही. लिफ्टवर पुढची गाडी चढते.