मर्दखयचा घोडा आणि आमचे तीन हात



पुरीम जवळ आला की मुलं असलेल्या घरात एकच प्रश्न असतो. यंदा सोंग कोणाचं? मुलींना एस्तेर राणी व्हायचं असतं, मुलांना मर्दखय नाहीतर राजा अहश्वेरोश. हामान व्हायला कोणी तयार नसतं, मग घरातल्या एखाद्या काकांना पकडून हामानाची टोपी घालावी लागते. पण मेगिल्ल्यात आणखी एक पात्र आहे. ते एक शब्दही बोलत नाही, तरी कथेतली सगळ्यात मोठी गंमत त्याच्या पाठीवर घडते. ते पात्र म्हणजे राजाचा घोडा. २०२५ च्या पुरीमला आमच्या सात वर्षांच्या नातीने तोच हट्ट धरला. "मला घोडा व्हायचंय." हा घोडा आम्ही दोघांनी घरी कसा केला ते इथे सांगतो. मुलांना तो करून बघता येईल, आणि आमच्या वयाच्या मंडळींना दुसऱ्याही काही गोष्टी उपयोगी पडतील.

मेगिल्ल्यातला घोडा

मुलांनो, गोष्ट तुम्हांला माहीत आहेच. एका रात्री राजाला झोप लागेना. त्याने बखर वाचायला लावली, तेव्हा कळलं की मर्दखयने आपला जीव वाचवला होता आणि त्याला बक्षीस काहीच मिळालं नाही. राजाने हामानाला विचारलं, "ज्याचा मान करावा असं राजाला वाटतं, त्याच्यासाठी काय करावं?" हामानाला वाटलं, तो माणूस म्हणजे मीच! तो म्हणाला, त्याला राजाची वस्त्रं घालावीत आणि राजाच्या घोड्यावर बसवून गावभर मिरवावं. मग काय! मर्दखय घोड्यावर बसला आणि हामानालाच ओरडत पुढे चालावं लागलं. त्या घोड्याच्या डोक्यावर राजमुकुट असल्याचंही मेगिल्ल्यात म्हटलं आहे. सोंग करताना हा मुकुट विसरू नये.

आपल्या कोकणातल्या वाडवडिलांनी पुरीमला 'होळीचा सण' हे नाव दिलं होतं. दोन्ही सण पौर्णिमेच्या आगेमागे येतात. २०२५ साली तर १३ मार्चच्या रात्री तिकडे होळी पेटली आणि त्याच रात्री इकडे मेगिल्ला वाचला गेला.

घोडा आपल्या ओळखीचाच

आपल्या लोकांना घोडा काही नवा नाही. पूर्वी बेने इस्राएलांचा नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत निघत असे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हानाबीचा टाप आहे. तिथल्या खडकावर नबीच्या रथाच्या चाकांची आणि घोड्याच्या टापेची खूण आहे असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो, आणि तिथे मलिदा करत आलो. लग्नाच्या वरातीत कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणारे लोकही आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्याला कच्ची घोडी म्हणतात. नाचणाऱ्याचे पाय झुलीखाली लपतात आणि बघणाऱ्याला वाटतं, हा घोड्यावरच बसला आहे.

इंग्लंडमध्ये आलो तर इथेही घोडे निघाले! कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टो गावात दरवर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला काळ्या कापडाचा गोल घोडा रस्त्यातून नाचवतात. वेल्समध्ये नाताळच्या सुमारास घोड्याची कवटी काठीवर लावून, पांढरी चादर पांघरून लोक दारोदारी गाणी म्हणत जातात. त्याला मारी ल्विड म्हणतात. आणि पँटोमाइम नावाच्या नाटकात दोन माणसं एकाच घोड्याच्या कातड्यात शिरतात. पुढचा डोकं, मागचा शेपूट. मागच्याला दिवसभर वाकून राहावं लागतं, त्यामुळे ते काम कोणाला नको असतं.

सगळ्यात देखणा घोडा मात्र लंडनच्या नॅशनल थिएटरने २००७ साली 'वॉर हॉर्स' नाटकात आणला. दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग या बाहुलीकारांनी तो वेताच्या काड्यांचा केला होता. आतली माणसं प्रेक्षकांना सरळ दिसतात, तरी थोड्या वेळात ती दिसेनाशी होतात, कारण घोडा श्वास घेतो आणि कान हलवतो. आम्ही त्यातून एवढंच घेतलं. घोडा हुबेहूब नसला तरी चालेल, पण कान हलले पाहिजेत.

आमचं नवं घर

आता थोडं आमच्याविषयी. मुलाच्या घरी आम्ही बरीच वर्षं होतो. २०२४ मध्ये आमच्यापैकी एकाला पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात कायमचा लुळा पडला. दुसरीला लांबचं नीट दिसतं, पण सुईचं नाक दिसत नाही. म्हणजे दोघांचे मिळून हात तीन आणि डोळ्यांची जोडी एक. मुलाच्या घरी जिना उंच, न्हाणीघर वर. तेव्हा आम्ही शेल्टर्ड हाउसिंगमध्ये राहायचं ठरवलं.

भारतातल्या आपल्या नातेवाइकांना वाटतं, मुलाने आईबापांना आश्रमात टाकलं. तसं हे नाही. इथे आपला स्वतंत्र फ्लॅट असतो, दाराची किल्ली आपल्याकडे, स्वयंपाक आपला, शब्बाथचे दिवे आपले. खाली सगळ्यांसाठी बैठकीची खोली असते. आमच्या इमारतीत प्रत्येक खोलीत छतापासून लाल दोरी लोंबते. पडलो, घाबरलो तर ती ओढायची, की भिंतीतून माणसाचा आवाज येतो. ही दोरी जमिनीपर्यंत लोंबती ठेवावी. अडचण होते म्हणून पुष्कळजण ती वर गुंडाळून ठेवतात, पण पडलेल्या माणसाचा हात वर पोहोचत नाही.

कौन्सिलकडून ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई आल्या. उठता-बसता अडचण कुठे होते हे बघून साधनं सुचवणं हे त्यांचं काम. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर अ‍ॅक्टप्रमाणे, गरज आहे असं ठरलं की लहान साधनं आणि हजार पौंडांपर्यंतचे छोटे फेरफार कौन्सिलने फुकट द्यायचे असतात. हे पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. आम्हांला भिंतीचे दांडे मिळाले, न घसरणारी रबरी चटई मिळाली आणि दाबून सोडली की आपोआप उघडणारी कात्री मिळाली. लंडनमध्ये आपल्या ज्यू लोकांच्या संस्थाही आहेत. १९९० साली जुन्या संस्था एकत्र येऊन झालेली ज्यूइश केअर त्यांतली मोठी. विचारायला संकोच करू नये.

मुलाशी ठरलं होतं, सहा महिने राहून बघायचं. जमलं नाही तर परत. आमची खोली त्याने तशीच ठेवली होती, पलंगावरची चादरसुद्धा बदलली नव्हती. घोड्याची गोष्ट निघाली तेव्हा चार महिने झाले होते. तो फोनवर म्हणाला, "मम्मी, पप्पा, कशाला त्रास घेता? मी मागवतो, उद्या घरपोच येईल." त्याचं मन चांगलं, पण आम्ही नाही म्हटलं. चार महिने सगळे आमच्यासाठी काही ना काही करत होते. कोणासाठी काही करायची पाळी आमची आली होती.

साहित्य

केळ्यांचा मोठा खोका एक, दुसरा साधा पुठ्ठा, रुंद चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रं, काळी लोकर, काळा कागद, जाड सुती नाडी, सेफ्टी पिना आणि एक जुनं लुगडं किंवा चादर.

केळ्यांचा खोका फळवाल्याकडे फुकट मिळतो. त्याच्या तळाला मधोमध भोक असतं आणि बाजूंना हात घालायच्या खाचा असतात, म्हणजे निम्मं काम झालेलंच असतं. आम्ही तो बसने आणला. खोका मांडीवर घेऊन बसलो तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "घर बदलताय का?" आम्ही म्हटलं, "नाही, घोडा आणतोय." मग सगळी बस बोलायला लागली.

कृती

१. खोका उलटा ठेवा, म्हणजे तळाचं भोक वर येईल. मूल आत उभं राहू शकेल इतकं ते मोठ्या माणसाकडून कापून घ्या. कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर पुठ्ठा पोटाला कापतो. आम्ही खोका रबरी चटईवर ठेवला, एकाने एका हाताने दाबून धरला आणि दुसरीने कापला.

२. खोक्याला पुढे दोन आणि मागे दोन भोकं पाडून नाड्या बांधा. त्या पाठीवर फुलीसारख्या घ्या, म्हणजे खांद्यावरून घसरत नाहीत.

३. पुठ्ठ्याची घोड्याच्या तोंडाची आणि मानेची दोन सारखी चित्रं कापा. मध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरून कडा चिकटवा आणि वरून काळा कागद लावा. मान खोक्याच्या पुढच्या बाजूला भोकं पाडून नाडीने आवळून बांधा. नुसती चिकटवली तर नाचताना तुटते.

४. कान वेगळे कापून दोऱ्यावर ओवा. दोरा मानेच्या आतून मुलाच्या हातापर्यंत आणा. ओढला की कान हलतात.

५. आयाळ आणि शेपूट लोकरीची. इथे एक लक्षात ठेवा, लोकर आणि लिनन एकाच कपड्यात घालायला तोरात मनाई आहे. म्हणून झूल लिननची नको, सुती चालते.

६. आता झूल. आमच्या ट्रंकेत सासूबाईंचं काळं नऊवारी लुगडं होतं, लाल काठाचं. कापायचं की नाही यावर आम्ही दोघं दोन दिवस बोललो. मग युक्ती सुचली. लुगडं लांबीत दुमडून दुहेरी केलं, तर घडी वर येते आणि दोन्ही लाल काठ खाली. घडीतून नाडी घातली, परकराला घालतो तशी, आणि चुण्या ओढून खोक्याभोवती बांधली. नाडी खाचांतून नेली आणि घडी निसटू नये म्हणून थोड्या पिना लावल्या. कात्री लागली नाही, बारीक सुईचं काम नाही, आणि तीन हातांनी सगळं झालं. झूल बुटांच्या चार बोटं वर राहील असं बघा, नाहीतर पाय अडकतो.

घोडा कुठे बांधायचा?

आमच्या इमारतीत बोळात काही ठेवायला बंदी आहे. आग लागली तर सगळ्यांना बाहेर पडायची वाट तीच. नियम योग्य आहे. म्हणून घोडा न्हाणीघरात बांधला. रात्री शेपूट लाल दोरीत गुंतली आणि दोरी ओढली गेली. भिंतीतून आवाज आला, "तुम्ही ठीक आहात ना?" आम्ही सांगितलं, "आम्ही ठीक आहोत, आमच्या घोड्याने दोरी ओढली." पलीकडे क्षणभर शांतता, मग हसू. हाक मारली तर रात्री दीड वाजतासुद्धा उत्तर येतं, हे त्या रात्री कळलं. मुलाला हे सांगितलं तेव्हा तोही हसला, आणि त्यानंतर रोज रात्रीचा त्याचा फोन बंद झाला. आता एक दिवसाआड येतो.

आगीची गोष्ट, हसण्यावारी नेऊ नका

२०१४ च्या हॅलोविनला एका प्रसिद्ध टीव्ही निवेदिकेच्या मुलीचं विकत घेतलेलं सोंग मेणबत्तीने पेटलं आणि ती भाजली. ब्रिटनमध्ये मुलांचं सोंग कायद्याने खेळण्यात मोडतं, आणि आगीच्या बाबतीत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांचे नियम त्याहून कडक आहेत. घरी केलेल्या सोंगाची तर तपासणीच होत नाही. पातळ सुती कापड झटकन पेटतं, लोकर सावकाश. म्हणून झूल घालून गॅसजवळ, मेणबत्तीजवळ, वाढदिवसाच्या केकजवळ जायचं नाही. मुलांनो, कपड्याला आग लागली तर पळायचं नाही. थांबा, खाली पडा, लोळा. हे आजी-आजोबांसमोर एकदा करून दाखवा.

एका घोड्याच्या दोन मिरवणुका

ब्रिटनच्या शाळांत मार्चच्या सुरुवातीला जागतिक पुस्तक दिन असतो. मुलं पुस्तकातल्या पात्रांची सोंगं घेऊन जातात. २०२५ मध्ये तो ६ मार्चला होता, पुरीमच्या आठ दिवस आधी. तेव्हा एकच घोडा दोनदा कामाला आला. शाळेत तो 'ब्लॅक ब्यूटी' झाला, म्हणून कपाळावर पांढरा तारा चिकटवला. हे पुस्तक अ‍ॅना स्यूएल या बाईंनी लिहिलं आणि १८७७ साली प्रसिद्ध झालं. चौदाव्या वर्षाच्या सुमारास पडून त्यांचे पाय अधू झाले आणि जन्मभर घोडागाडीवर अवलंबून राहावं लागलं. शेवटच्या आजारात घराबाहेर पडता येत नव्हतं, तेव्हा कधी चिठोऱ्यांवर लिहून, कधी आईला सांगून त्यांनी पुस्तक पुरं केलं. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे त्यांनीपण दोघींनी मिळून केलं, तुमच्यासारखं."

पुरीमला तारा काढला आणि पुठ्ठ्याचा मुकुट बसवला. सिनॅगॉगमध्ये हामानाचं नाव आलं की सगळे खुळखुळे वाजवत होते, आणि आमचा घोडा कान हलवत होता. घरी पुरणपोळी केली. एका हाताने पोळी लाटता येत नाही, पण पुरण मात्र एका हाताने चांगलं वाटता येतं.

सहा महिने संपले तेव्हा मुलगा आला. परत येण्याविषयी त्याने विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही. जाताना म्हणाला, "तुमच्या खोलीत तिचं अभ्यासाचं टेबल ठेवू का?" आम्ही म्हटलं, "ठेव." ती खोली आमची होती, त्यामुळे थोडं वाईट वाटलं, खोटं का सांगावं. पण नातीला उजेड तिथेच चांगला मिळतो.

लुगडं धुऊन, घडी करून परत ट्रंकेत ठेवलं आहे. खोका मात्र टिकला नाही. पुढच्या पुरीमसाठी फळवाल्याकडे नवा मागता येईल. ज्यांना घोडा करायचा आहे त्यांनी पंधरा दिवस आधी सुरुवात करावी, आणि घरात हात कमी असतील तर शेजाऱ्याचा एक मागून घ्यावा.

सर्व वाचकांना आणि बालमित्रांना खाग पुरीम सामेआख!