दुर्बिणीची काच आणि पिंगळ्याचे ठिपके

मंडळी, आज खांडबाऱ्यात बसलो आहोत, तर गोष्टही आपल्याच जिल्ह्यातली घेऊ. १८८४ नंतर ज्याची खात्रीची नोंद नव्हती तो रानपिंगळा १९९७च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. ११३ वर्षांनी! साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर अगदी पुसट. आता काचच धुरकट असेल तर ठळक ठिपकेही पुसट दिसणार, आणि साधा पिंगळा वहीत रानपिंगळा म्हणून चढणार. आम्हीही एकदा असेच फसलो आहोत.

काच बिघडते ती बहुतेक वेळा पुसण्यानेच. धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. उपरण्याने किंवा शर्टाच्या टोकाने घासलं, की काचेवरच्या लेपाला ओरखडा पडलाच. म्हणून आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग मऊ ब्रश. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. बोटांचे डाग राहिलेच तर लेन्स पुसायच्या द्रवाचा एखादा थेंब मायक्रोफायबरच्या कापडावर घ्यायचा. कापडावर, काचेवर नाही बरं का. काचेवर टाकला तर कडेने आत झिरपतो. रायफलीवरच्या दुर्बिणीलाही हेच लागू.

पावसाळ्यात खरा शत्रू बुरशी. चामड्याची पेटी ओल धरते, त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. बुरशी आत शिरलीच तर दुर्बीण घरी उघडू नका. भिंगांची जुळणी हलते, आणि मग एका फांदीवर दोन-दोन पिंगळे दिसायला लागतात.