अखाजीला गावी निघण्यापूर्वी : ऑटोमॅटिक गाडीचे गिअर ऑइल घरी बदलताना



पांडेसरा, उधना, डिंडोली, लिंबायत भागातल्या आपल्या खान्देशी कुटुंबांची घरे दोन असतात, एक इथले आणि एक गावाकडचे. अखाजी आली, लग्नसराई आली की बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याची वाट धरायची. पूर्वी उधना-जळगाव रेल्वे नाहीतर एसटी असे. आता अनेक घरांत गाडी आहे आणि त्यात क्लच नसलेल्या ऑटोमॅटिक गाड्याही वाढल्या आहेत. बऱ्याच जणांनी त्या जुन्या बाजारातून घेतलेल्या असतात.

अशीच एक गाडी मागच्या उन्हाळ्यात कोंडाईबारी घाटात थांबली. घरचे सहा जण, वर सामान. इंजिन जोरात फिरत होते, पण गाडी चढेना. गिअरबॉक्स उघडल्यावर कळले की त्यात भलतेच ऑइल भरले होते. घरच्यांनी ते हौसेने स्वतःच बदलले होते. दुरुस्तीत मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे गेले. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ. काम घरी करता येते, पण सगळ्यांच्या गाडीचे नाही.

आधी गिअरबॉक्स ओळखा

क्लचचे पेडल नाही म्हणजे सगळ्या गाड्या सारख्या, असे नाही. आपल्याकडे चार प्रकार दिसतात.

एएमटी : आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओपासून ही रुळली. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकते. यात साधे गिअर ऑइल लागते आणि गिअर टाकणाऱ्या यंत्राचे हायड्रॉलिक ऑइल वेगळे असते. पुढे सांगितलेली पद्धत हिला लागू नाही.

टॉर्क कन्व्हर्टर : खरी जुनी ऑटोमॅटिक. इनोव्हा क्रिस्टा, डिझेल क्रेटा अशा गाड्यांत ही असते. हिच्यात एटीएफ लागते.

सीव्हीटी : होंडा सिटीसारख्या गाड्यांत असते. यात गिअर नसतात, दोन पुल्यांवर स्टीलचा पट्टा फिरतो. हिचे ऑइल वेगळे असते आणि साधे एटीएफ चालत नाही. घाटात थांबलेली गाडी याच प्रकारची होती.

ड्युअल क्लच : ही गाडी वर्कशॉपलाच द्यावी.

आपली कोणती, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. त्यातच ऑइलचा नेमका दर्जा दिलेला असतो. डब्यावर तोच दर्जा छापलेला हवा. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे दुकानदार म्हणाला तरी पुस्तकाचेच ऐकावे.

ऑइल बदलायचे तरी कशाला

मिलमध्ये काम करणाऱ्यांना हे लगेच समजेल. स्टेंटर तापवणारे थर्मिक फ्लुइड सतत उष्णतेत फिरते, काळे पडते, घट्ट होते. म्हणूनच ते तपासून बदलावे लागते. गिअरबॉक्सचे ऑइलही असेच तापते, पण त्याच्यावर कामे जास्त असतात. ते इंजिनची ताकद पुढे पोचवते, दाबाने आतले क्लच आवळते, भाग थंड ठेवते आणि क्लचच्या पट्ट्या किती घसरायच्या, किती धरायच्या हेही ठरवते. दर्जा चुकला की हे शेवटचे काम बिघडते.

‘हे ऑइल आयुष्यभर चालते’ असे काही कंपन्या सांगतात. पण गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांत ऑइल बदला असे सांगते. सुरतेची गर्दी, मे महिन्याचे ऊन आणि भरलेली गाडी घेऊन घाट चढणे, हा सगळा वापर कठीणच धरायचा. पुस्तकात कठीण वापरासाठी वेगळे अंतर दिले असेल तर ते आपले.

काम कसे करावे

१. जागा सपाट हवी. गवंडी वापरतात त्या लेव्हलने तपासा. गाडी तिरपी असली की ऑइलची पातळी खोटी दिसते.

२. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नये. चारही बाजूंना मजबूत स्टँड लावा. विटांवर गाडी उभी करू नका. मुलांना लांब ठेवा.

३. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा. फार तापलेले ऑइल हात भाजते.

४. आधी भरायचा प्लग उघडा, मग खालचा. ऑइल सांडून झाल्यावर वरचा प्लग अडकला, तर गाडी जागीच अडकते.

५. निघालेले ऑइल मापाच्या भांड्यात धरा. जितके निघाले तितकेच नवे भरायचे. आधीच पातळी कमी असेल तर तो फरक शेवटी पातळी तपासताना भरून काढा.

६. ऑइल पाहा. लाल किंवा तपकिरी चालते. काळे आणि जळकट वास असेल तर क्लच झिजले आहेत. आतल्या चुंबकावर बारीक राखाडी लेप साहजिक आहे, पण धातूचे तुकडे दिसले तर काम थांबवून जाणकाराला दाखवा.

७. प्लगचा वॉशर नवा लावा. प्लग किती आवळायचा ते पुस्तकात असते. जोर लावून आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

एका वेळी सगळे ऑइल निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. समजा एका वेळी ४० टक्के बदलले. दुसऱ्या वेळी नव्याचे प्रमाण ६४ टक्के होते, तिसऱ्या वेळी सुमारे ७८. म्हणून मध्ये काही दिवस गाडी चालवून दोन-तीनदा बदलणे चांगले. जुन्या गाडीत दाबाने धुऊन काढण्याच्या भानगडीत पडू नये.

पातळी : इथेच सगळे चुकतात

डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत ऑइल गरम असताना, इंजिन सुरू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवून ‘पी’मध्ये आणल्यावर मोजतात. होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच मोजतात. पुस्तक वाचल्याशिवाय अंदाज लावू नये.

अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. ऑइल ठरलेल्या तापमानाला असताना पातळीचा प्लग उघडतात आणि त्यातून बारीक धार गळते का ते पाहतात. काही गाड्यांत हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते आणि ते स्कॅनरवर वाचावे लागते. सुरतेत मे महिन्याच्या दुपारी उभ्या गाडीचेच ऑइल तेवढे तापलेले असते, मोजायला वेळच उरत नाही. म्हणून हे काम थंडीत किंवा पहाटे करावे. स्कॅनर नसेल तर या गाड्या घरी उघडू नयेत.

खाडीचे पाणी आणि जुने ऑइल

पावसाळ्यात भेदवाड खाडी फुगली की आपल्या गल्ल्यांत पाणी शिरते. गिअरबॉक्सला हवेसाठी एक छोटी नळी असते, तिथून पाणी आत जाऊ शकते. गाडी खोल पाण्यात उभी राहिली असेल तर सुरू करू नका. ऑइल दुधाळ गुलाबी दिसले की पाणी शिरलेच समजा. गाडी उचलूनच न्यावी.

आणि काढलेले ऑइल त्याच खाडीत किंवा गटारात ओतू नका. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. बंद डब्यात भरून अशा गॅरेजला द्या, जे ते मान्यताप्राप्त पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवते.

गाडी वॉरंटीत असेल, झटके मारत असेल किंवा आतून काळे ऑइल निघाले असेल, तर घरच्या घरी प्रयोग नको. नाहीतर आपल्यातच मिलमध्ये मेन्टेनन्सला असलेले कितीतरी काका-मामा आहेत. पहिल्यांदा करताना त्यांच्यापैकी एकाला रविवारी सकाळी चहाला बोलवा. काम दोघांचे आहेच, आणि गाडीखाली माणूस असताना बाहेर दुसरा हवाच.

यंदा अखाजीला सगळ्यांच्या गाड्या कोंडाईबारी सुखरूप चढोत.