दुष्काळ तेवढा आमच्या वाट्याला

प्रकाराची आवडनिवड न ठेवता मराठी कादंबऱ्या वाचत गेलं की एक चमत्कारिक वाटणी दिसू लागते. गुन्हा मुंबईत घडतो. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड त्या शहरात वावरले, आणि त्यांच्यामागून आलेल्या रहस्यकथाकारांनीही शहर फारसं सोडलं नाही. भूत कोकणात राहतं. हृषीकेश गुप्ते यांच्या 'दंशकाल'सारख्या अलीकडच्या आणि खरोखर चांगल्या कादंबरीतही घराण्याची गुपितं उकलायला कोकणचीच ओली माती लागते. इतिहास शनिवारवाड्यात नाहीतर रायगडावर घडतो. कॉलेजचा कट्टा आणि त्यावरचं प्रेम पुण्याचं. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये चित्रपट आला आणि गावोगावच्या पोरांनी तो कट्टा आपला मानला. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकादंबऱ्यांतले शास्त्रज्ञ मोठ्या संशोधनसंस्थांत दिसतात. या सगळ्या वाटपानंतर मराठवाड्याकडे, त्यातही बीडकडे, उरला तो दुष्काळ. अपवाद सापडतील, पण ठोकताळा म्हणून हे खोटं नाही. माझा आक्षेप दुष्काळावरच्या कादंबऱ्यांना नाही, या वाटणीला आहे. बीड जिल्ह्यात आज जे चाललं आहे ते समजून घ्यायला ज्या प्रकारच्या कादंबऱ्या लागतील, नेमक्या त्याच आपण 'रंजनपर' म्हणून बाजूला काढून ठेवल्या आहेत.

या भागातल्या वास्तववादी लेखनाचं मोल कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा शाळेच्या पुस्तकातून गेली आणि टोमॅटोचा भाव हा मराठी साहित्याचा विषय झाला. शेजारच्या बुलढाण्याच्या सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरीसाठी संस्थेला मोजायला पैसा नाही आणि शेतीत भवितव्य नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत तो एकनाथ आजही बसलेला आहे. आसाराम लोमटे यांची 'तसनस' शेतकरी चळवळीच्या चढउताराला भिडते. आंदोलनं ओसरल्यावर कार्यकर्त्याचं काय होतं, हा प्रश्न आधी इतक्या थंडपणे कुणी विचारला नव्हता. पण रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'चं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १९७१ ची ही कादंबरी 'ग्रामीण' या कपाटात ठेवली गेली आणि तिथेच राहिली. कपाटावरची चिठ्ठी काढून वाचली तर ती एका शिंप्याच्या ताठपणाची आणि त्याच्या बायकोने डोळ्यांदेखत पाहिलेल्या विनाशाची गोष्ट आहे. ही बायको, पारू, सांगत जाते, आपल्याला पुढचं अरिष्ट दिसत असतं, आणि ते टळत नाही. एखाद्या उत्तम थरारकथेतला ताण यात आहे. त्यात पावसाचा भाग किती? अगदी थोडा. म्हणजे दोष एकट्या लेखकांचा नाही, वाचणाऱ्यांच्या आणि समीक्षकांच्या कपाटांचाही आहे.

या जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासात एक योगायोग आहे, त्याच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. १९८३ मध्ये अंबाजोगाईला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. 'बनगरवाडी'चा लेखक मुकुंदराज-दासोपंतांच्या गावी येणं म्हणजे ग्रामीण साहित्याचा सन्मान, असाच त्याचा अर्थ लावला गेला असणार. पण त्याच १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार माडगूळकरांना मिळाला तो 'सत्तांतर'साठी, आणि 'सत्तांतर'मध्ये एकही गाव नाही. ती वानरांच्या टोळ्यांची कादंबरी आहे: नर बदलतो, टोळी हातातून जाते, जुन्या नराची पिल्लं नव्याच्या तडाख्यात सापडतात. माणदेशातल्या धनगरांवर लिहिणाऱ्याला सत्तेबद्दल बोलायचं झालं तेव्हा त्याने माणसंच काढून टाकली. ग्रामीण लेखकाने ग्रामीणच लिहावं असं त्याला वाटत नव्हतं. ते आपल्याला वाटत होतं.

ऐतिहासिक कादंबरीबद्दल थोडक्यात. १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा राक्षसभुवनला पराभव केला. राक्षसभुवन गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी. रणजित देसाईंच्या 'स्वामी'ने माधवराव घराघरात पोचवले, पण ज्यांच्या शेतांतून ती लढाई गेली ती माणसं आपल्या ऐतिहासिक कादंबरीच्या खिजगणतीत नाहीत. विजय झाला की फौज पुण्याला परतते आणि कादंबरीही तिच्यामागून जाते. त्या गावांनी पुढे १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलात दिवस काढले, ते लिहायला नंदा खरे यांच्या 'अंताजीची बखर'सारखी तिरकी, राजवाड्यांवर विश्वास नसलेली नजर हवी. तशी नजर या बाजूला अजून वळलेली नाही.

खरी उणीव गुन्हेकादंबरीची. ग्रामीण कादंबरीत खलनायक ओळखू येतो: पाटील, सावकार, नाहीतर न पडणारा पाऊस. ऊसतोडीच्या व्यवहारात तो तसा ओळखू येत नाही. बीड जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. दिवाळीच्या आसपास निघण्याआधी टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षावर चढते. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा कोयत्याशी, तोही बहुधा तोंडी किंवा त्याच्या वहीतल्या ओळीपुरता. त्यामुळे फडात कुणी दगावलं, टोळी डांबून ठेवली, उचल बुडवून कुणी पळालं, तर प्रत्येकजण आपल्या वरच्याकडे किंवा खालच्याकडे बोट दाखवतो. मुकादम पुष्कळदा आधी स्वतः कोयता असतो. बुडालेल्या उचलीपायी त्याची जमीन जाते असंही घडतं. इथे बळी आणि आरोपी यांच्यात सरळ रेघ ओढता येत नाही. करुणेने लिहिलेली वास्तववादी कादंबरी या साखळीच्या शेवटच्या कडीशी, कोपीतल्या, म्हणजे फडावरच्या झोपडीतल्या बाईशी, थांबते आणि तिचं दुःख सांगते. गुन्हेकादंबरीला तिथे थांबताच येत नाही. पैसा कुठून आला, कुणाच्या हातून गेला, कागद कुणी फाडला, हे विचारल्याशिवाय तिचं पान उलटत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाली आणि बीडचं नाव देशभर गेलं. पवनचक्की प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीचा धागा आरोपपत्रात आला, आणि प्रकरण राज्याच्या मंत्रिमंडळापर्यंत पोचलं. त्यावर कादंबरी लिहा, असं मी म्हणणार नाही. खटला न्यायालयात आहे, घरातली माणसं हयात आहेत, आणि बातमीचा चोथा करून पुस्तक विकणं हा वेगळाच धंदा आहे. पण बालाघाटच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहतात तेव्हा जमीन, रस्ता, राखण, माल आणि मजूर यांच्या ठेक्यांची एक नवी अर्थव्यवस्था सोबत येते. ती कशी चालते हे बातमीत मावत नाही आणि दुष्काळाच्या कादंबरीत बसत नाही. स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वाहलो या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलिसावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीत गुन्हा एक, पण दहाही मिळून उलटतपासणी होते ती त्या सुखवस्तू देशाची. आपल्याकडे रहस्यकथेने इतका मोठा वाचक मिळवूनही तिच्याकडून असं काम कुणी मागितलं नाही.

भयकथा आणि भविष्यकथा यांचं तसंच. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी फुटली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली आणि सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं. पाळीच्या त्रासाने एक दिवस खाडा पडला तरी दंड. मग डॉक्टर म्हणतो, पिशवीच काढून टाका. त्याआधी २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली, राज्यात सर्वांत कमी, हाही आकडा याच जिल्ह्याचा. मार्गारेट ॲटवुड यांची 'द हँडमेड्स टेल' १९८५ मध्ये आली. तिच्यातली राज्यसत्ता बायकांच्या गर्भाशयांवर मालकी सांगते. इथे कुणाला मालकीही नको आहे, फक्त हजेरी हवी आहे, आणि ॲटवुडच्या कल्पनेपेक्षा हे मला जास्त भयंकर वाटतं. अशा गोष्टीला वास्तववादी भाषा अपुरी पडते, कारण ती वाचकाला हळहळू देते आणि हळहळ लवकर विझते. नंदा खरे यांच्या 'उद्या'मध्ये नजर ठेवणाऱ्या यंत्रणांचं आणि कंपन्यांच्या ताब्यातल्या माणसांचं नजीकच्या भविष्यातलं चित्र आहे. ती वाचताना हळहळायला वेळच मिळत नाही. आपल्याच हिशेबी, सोयीस्कर भाषेची भीती वाटू लागते. २०२० चा अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि लेखकाने तो नाकारला. पण पुरस्काराच्या यादीपर्यंत भविष्यकादंबरी पोचली, म्हणजे भिंत थोडी खचली आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: खऱ्या दुःखाचं भूत करणं, रहस्य करणं, म्हणजे त्याची जत्रा मांडणं. धोका खरा आहे. वाईट भयकथा हे करतेच. पण वाईट वास्तववादी कादंबरीही तेच करते. भेगाळलेली जमीन आणि झाडाला लटकलेला दोर मुखपृष्ठावर छापून तिचीही जत्राच मांडली जाते, फक्त तिला कुणी बाजारू म्हणत नाही. टोनी मॉरिसन यांनी १९८७ च्या 'बिलव्हेड'मध्ये गुलामगिरीवर लिहिताना मेलेल्या मुलीचं भूत घरात आणलं. त्याने गुलामगिरी हलकी झाली, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. प्रश्न प्रकाराचा नसतो, लिहिणाऱ्याला त्या प्रकाराकडून काय काढून घ्यायचं आहे याचा असतो.

दुसरा आक्षेप वाचकाचा: इथे पुस्तकं घेतो कोण? हा उलटा माझ्याच बाजूचा पुरावा आहे. लोकांनी स्वतःहून, कुणी सांगितलं नसताना वाचलेल्या मराठी पुस्तकांची यादी काढा. तीत अर्नाळकर, नारायण धारप आणि शिरवळकर वरच्या ओळींत येतील. गावच्या ग्रंथालयात ज्या प्रती हाताळून हाताळून शिवणीतून निघतात, त्या बहुधा याच मंडळींच्या असतात. आणि आधी जे आहे ते लिहून होऊ दे, कल्पनेचं नंतर बघू, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर छोटं आहे: जे आहे ते अर्ध्या शतकाहून जास्त काळ लिहिलं गेलं, चांगलं लिहिलं गेलं, आणि त्यात मुकादमाची वही अजून उघडलेली नाही.

ती उघडायला मुंबईहून इन्स्पेक्टर आणायची गरज नाही. फडात पावत्या लिहिणारा स्लिपबॉय कुठली मोळी कुणाच्या नावावर गेली हे जाणतो. हंगामी वसतिगृहाच्या शिक्षकाला कुठलं पोर दिवाळीनंतर आलंच नाही, हे माहीत असतं. सगळ्यांत वरचढ ठरेल ती गावातली आशाताई: प्रत्येक घरात तिला प्रवेश आहे, कोण गरोदर होती आणि कोण आता नाही हे तिच्या रजिस्टरमध्ये तारखेनिशी लिहिलेलं आहे, तिला मानधन वेळेवर मिळत नाही, आणि सरपंचापासून दवाखान्यापर्यंत सगळे तिच्यासमोर निर्धास्त बोलतात. शेरलॉक होम्सला यातलं निम्मंही मिळालं नव्हतं.