फाइल एक, संगणक अनेक: सेटिंग वेगळी कशी ठेवाल?

परभणी : समजा, महाविद्यालयाच्या लॅबमध्ये लिनक्सचे तीन संगणक आहेत : गोदावरी, पूर्णा आणि दुधना. विद्यार्थी कुठेही बसला तरी सर्व्हरवरचे त्याचे तेच होम फोल्डर उघडते. दुधनावर पायथॉनची नवी आवृत्ती आहे, म्हणून त्याने ‘बॅशआरसी’ फाइलमध्ये तिचा पत्ता लिहिला. दुसऱ्या दिवशी पूर्णावर प्रोजेक्टचा प्रोग्रॅम चालेना.

असे का होते?
सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेल्या ‘एनएफएस’मुळे एकच फोल्डर अनेक संगणकांवर दिसते. फाइल सामायिक असते. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक संगणकावर वेगळे असू शकते. पूर्णावर तो पत्ताच नाही.

उपाय काय?
• सर्वत्र लागणारी सेटिंग मूळ फाइलमध्ये ठेवा.
• प्रत्येक संगणकाच्या नावाने छोटी वेगळी फाइल करा.
• मूळ फाइलच्या शेवटी अट घाला : ‘होस्टनेम’ कमांडने संगणकाचे नाव विचारायचे आणि त्या नावाची फाइल असेल तरच ती वाचायची.

काळजी काय घ्यावी?
बदल करताना एक टर्मिनल उघडेच ठेवा. लॉगिन अडले तर तिथूनच दुरुस्ती करता येते. फाइल ‘गिट’मध्ये ठेवल्यास जुनी आवृत्ती परत मिळते. पासवर्ड मात्र त्यात ठेवू नका.