धारपांच्या भयकथांचे पुनरागमन

नारायण धारप (1925–2008) यांच्या भयकथा मराठीत दोनदा रुजल्या. आधी भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांनी त्या घरोघरी नेल्या. पुढे एकविसाव्या शतकात नव्या आवृत्त्या, दूरचित्रवाणी आणि चित्रपट यांनी त्यांना नवा वाचक मिळवून दिला.

वाचनालयांच्या काळात बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक यांच्या रहस्यकथांच्या शेजारी धारपांची पुस्तके असत. ती विकत घेऊन जपण्यापेक्षा हातोहात फिरत आणि वाचून वाचून फाटत. समीक्षकांनी अशा लेखनाची फारशी दखल घेतली नाही. वाचनालये बंद पडू लागली, तशी ही पुस्तकेही दुर्मीळ झाली.

या लेखनाचे दोन ठळक प्रकार आहेत. पहिला समर्थ या नायकाच्या कथांचा. समर्थांकडे साधनेचे सामर्थ्य आहे. दर वेळी नवे अरिष्ट येते आणि ते निवारायला समर्थ उभे राहतात. अचाट शक्तीच्या नायकांची चित्रकथा मालिकाही याच रचनेवर चालते. दुसरा प्रकार स्वतंत्र कादंबऱ्यांचा. त्यांतल्या काही स्टीफन किंग यांच्या कथानकांवर बेतलेल्या आहेत: ‘लुचाई’मागे ‘सालेम्स लॉट’ (1975) आहे, तर ‘शपथ’मागे ‘इट’ (1986). धारपांनी या कथानकांना मराठी माणसे, घरे आणि नातीगोती दिली. परकी कथा आपल्या ओळखीच्या घरात घडू लागली की भीती अधिक जवळ येते, हे त्यांनी अचूक हेरले होते.

किंग यांची स्वतःची जडणघडण ‘ईसी’ या अमेरिकी प्रकाशनाच्या भयचित्रकथांवर झाली. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारख्या ‘ईसी’च्या मालिका 1950 मध्ये सुरू झाल्या. 1954 मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने चित्रकथांची चौकशी केली, प्रकाशकांनी स्वतःवर कडक आचारसंहिता घालून घेतली आणि या मालिका बंद पडल्या. त्यांना मानवंदना म्हणून किंग यांनी ‘क्रीपशो’ (1982) या चित्रपटाची पटकथा लिहिली. 2024 मध्ये ओनी प्रेस या प्रकाशनसंस्थेने ‘ईसी’ हे नाव नव्या मालिकांसह परत आणले.

किंग यांच्याकडून धारपांकडे आलेला वारसा एका कथेत स्पष्ट दिसतो. किंग यांच्या ‘ग्रॅमा’मध्ये एक मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी एकटा सापडतो. आजी जादूटोणा करणारी आहे. तिला आवरायला ‘हॅस्टर’ या नावाची आण घालावी लागते. हे नाव अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकाच्या एकोणिसाव्या शतकातल्या कथेतून आले आहे. धारपांची ‘आजी’ ही ‘ग्रॅमा’वर बेतलेली कथा. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (2018) या हिंदी चित्रपटामागची एक प्रेरणा तीच. चित्रपटातही भुकेली म्हातारी जागी झाली की मुलाला ‘हस्तर’चे नाव घ्यावे लागते. मात्र इथला हस्तर हा देवीचा लोभी पुत्र आहे, आणि कथा कोकणातल्या वाड्यात, पावसात घडते. सप्टेंबर 2024 मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याची कमाई पहिल्या वेळेपेक्षा जास्त झाली.

‘तुंबाड’च्या आधीच स्टार प्रवाह वाहिनीवरच्या ‘अनोळखी दिशा’ या मालिकेने धारपांच्या कथा पडद्यावर आणल्या होत्या. पुस्तकांच्या बाबतीत मोठे काम मराठवाड्यात झाले. छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने धारपांची अनेक पुस्तके नव्याने छापली. जुन्या वाचकाला हरवलेले पुस्तक परत मिळाले आणि तरुण वाचकाला ते पहिल्यांदाच हाती आले.

अशा पुनर्मुद्रणाचे मोल केवळ स्मरणरंजनात नाही. प्रथम प्रकाशनाचे वर्ष, मूळ कथेचा ऋणनिर्देश आणि मालिकेतला पुस्तकांचा क्रम यांची नोंद आवृत्तीत असेल, तर कोणती कल्पना कुठून आली आणि धारपांनी तिच्यात काय भर घातली, हे वाचकाला पडताळता येते. लोकप्रिय साहित्याचा इतिहास अशा नोंदींवरच उभा राहतो. मराठी भयकथेला तो मिळायलाच हवा.